मोटरच्या स्क्रूला हात न लावणारा

पालमच्या एसटी स्टँडसमोर कॅसेट भरून देणारा तो माणूस इतका सावकाश बोलायचा, की त्याचं वाक्य संपेपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन यायचं. माझ्या सासऱ्यांचं भजन कॅसेटच्या एका बाजूत मावत नव्हतं. जत्रेत ते भोंग्यावर लागणार, म्हणून सासरे रोज मिशीला तेल लावत होते.

"वेग वाढवा की थोडा," मी म्हणालो.

"भाऊ, टेपच्या मोटरचा स्क्रू पिळला की भजन बसतंय. पण आवाज बी चढतोय. मामा भोंग्यावर पोरीवानी गायला लागतील. चालंल?"

आज कबूल करतो, मला ते लय चाललं असतं. पण घरी बायको होती.

मग त्यानं भजन दुसऱ्या टेपवर उतरवलं. मूळ टेपवर सासरे मधेच थांबून तबलजीला झापू लागले, की हा टेप थांबवायचं बटण दाबायचा आणि पायानं ठेका धरत नेमका समेवर सोडायचा. भजन मावलं, सूर जागचा हलला नाही.

जत्रेत लोकांनी माना डोलावल्या. मग भोंगेवाल्यानं कॅसेट उलटली. त्या बाजूला नुसतं झापणं, एकामागोमाग एक. जत्रा हसून लोळायला लागली. कॅसेटवाला तिथंच उभा होता. मी त्याला गाठलं.

"अहो, हे कशाला भरलं?"

"मामाचाच आवाज हाय की. फेकायला जीव होईना."

मी घाबरून सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी तबलजीला धरून भोंग्याखाली उभं केलं होतं.

"ऐक," ते म्हणत होते, "आता तरी ऐक!"