उत्तरेला सरकणारे ढग

माझी वहिनी हवामानशास्त्रज्ञ आहे हे बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे सगळे तिला एकच विचारायचे. इस्त्रीवाले अण्णा गाडीवरूनच हाक द्यायचे, "प्रतिमा अक्का, आज मळे बरुत्ता?" म्हणजे पाऊस येणार का. ती हसून म्हणायची, "आजचं मला नाही कळत, अण्णा. पुढच्या पंधरवड्याचं विचारा." लग्नानंतर तिच्या भरवशावर आईने गच्चीत गोधड्या वाळत घातल्या आणि त्या चिंब झाल्या. तेव्हापासून घरात तिला कुणी विचारेनासं झालं.

ती सोलापूरची. ढग भरून यायचे आणि न बरसताच निघून जायचे, ते लहानपणापासून पाहिलेलं. रत्नाकरदादाशी लग्न करून इथे आली ती संशोधन करायचं ठरवूनच.

तिचा विषय एकदा तिने मला ताटाभोवती पाणी फिरवून समजावला होता. पावसाळ्यात विषुववृत्ताकडून ढगांचे पट्टे उठतात आणि हळूहळू उत्तरेला सरकतात. पट्टा डोक्यावर आला की झड, पुढे गेला की उघडीप. कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्येही तसंच व्हायला हवं. पण तिच्या मॉडेलमध्ये पट्टे उठायचे आणि समुद्रावरच बसून राहायचे. "हट्टी म्हशी नुसत्या," ती वैतागून म्हणायची.

तिच्या गुरूंनी सांगितलं, "दुसरा प्रश्न घ्या. यात वय जाईल तुमचं." वहिनीने प्रश्न सोडला नाही, आणि वय खरंच गेलं. बरोबरचे लोक विभागप्रमुख झाले. दादा मात्र संध्याकाळी आल्या आल्या विचारायचा, "काय, हलल्या का म्हशी?"

मग शमिका आली. नागपूरची मुलगी, वहिनीची विद्यार्थिनी, भारी धीट. तिने एक दिवस विचारलं, "मॅडम, आपला समुद्र असा स्वस्थ का? ढगाखाली तो गार होत असेल, पुढे उन्हात तापत असेल. त्यालाही बदलू देऊ या ना." समुद्राला मॉडेलमध्ये जिवंत करण्यात काही वर्षं गेली. शेवटी पट्टे हलले, आणि थेट उत्तरेला सरकले. वहिनीने गल्लीभर म्हैसूरपाक वाटला. कशाबद्दल ते कुणाला नीट कळलं नाही, पण खाल्ला सगळ्यांनी.

त्यांचा निबंध जवळजवळ लिहून झाला होता, तेवढ्यात एका परदेशी संशोधिकेचा निबंध छापून आला. प्रश्न तोच आणि उत्तरही तेच.

शमिका येईनाशी झाली. सर्जापूर रोडवर मावसबहिणीकडे राहून ती आयटीतल्या नोकरीसाठी अर्ज करत होती. वहिनी तिथे गेली, मला सोबत घेऊन. रिक्षात पाहिलं तर वहिनीचे डोळे सुजलेले होते.

"आता काय उरलं, मॅडम?" शमिका म्हणाली. "पहिल्या त्या."

"हो, पहिल्या त्याच. मलाही लागलंय गं, खोटं कशाला बोलू?" वहिनी म्हणाली. "पण आपलं मॉडेल वेगळं, त्यांचं वेगळं. दोघांना एकच दिसलं, म्हणजे तो आपल्या यंत्राचा भास नव्हता. एकटी होते तेव्हा मला हीच शंका खात होती. आता पुढचं पाहू. उघडीप येणार हे किती आधी सांगता येईल?"

शमिका उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मग म्हणाली, "चहा ठेवू?"

वहिनीने त्या बाईंना अभिनंदनाचं पत्र पाठवलं, सोबत आपले निकालही. उलट पत्र आलं, की त्यांनाही सगळे वेड्यात काढत होते. उघडिपीच्या अंदाजाचं काम तिघींनी मिळून केलं. त्यावर शमिकाला पीएच.डी. मिळाली, आणि नोकरीही संशोधनातच.

मागच्या वर्षी वहिनी निवृत्त झाली तेव्हा त्या बाई मुद्दाम बेंगळुरूला आल्या, आमच्याकडे जेवल्या. शमिकाही आली होती. काही पट्टे अर्ध्या वाटेत विरून का जातात, यावर जेवताना वाद सुरू झाला. खरकटे हात वाळले तरी तिघी उठेनात. दादाने हळूच ताटं उचलली आणि मला म्हणाला, "चल, आपण आइस्क्रीम काढू."