सरकारी हरळी

नळदुर्गला हमरस्त्याच्या कडेला एक सरकारी बंगला होता. सोलापूर-हैदराबाद जाणारे-येणारे साहेब तिथं उतरायचे. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. साहेब बदलले होते, खुर्च्या त्याच होत्या आणि म्हातारा खानसामाही तोच होता. तिथं माझ्या नवऱ्याला माळ्याचं काम लागलं, रोजंदारीवर. तोवर आम्ही दोघं दुसऱ्याच्या शेतात राबत होतो. ठेवून घेणाऱ्या ओव्हरसियरनं विचारलं, गवतातलं काही कळतं का? नवरा म्हणाला, व्हय. ते खोटं नव्हतं. गवत कसं उपटायचं ते आम्हाला चांगलं कळत होतं.

पहिल्याच आठवड्यात आम्ही ते करून दाखवलं. बंगल्यापुढं चौकोनी हिरवळ होती. ओव्हरसियर म्हणाला, हे साफ ठेवत जा, आणि सायकलवर बसून गेला. आम्ही वाकून बघितलं तर सगळी हरळी. आमच्याकडं रानात हरळी माजली की लोक त्या घराला नावं ठेवतात. एक कांडं मातीत राहिलं तरी पुन्हा सगळं रान खाते ती. सरकारच्या दारात एवढी हरळी बघून आम्हाला सरकारचीच लाज वाटली. दोन दिवस कुदळ आणि खुरपं घेऊन तिसरा हिस्सा हिरवळ मुळासकट खणून काढली, माती झटकली आणि वाळायला कुंपणाशी ढीग घातला. पेटवायच्या आधी खानसामाचाचा बाहेर आले म्हणून बरं. ढीग बघून त्यांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, "अरे बावा, येच तो लान है." साहेब लोकांची हिरवळ म्हणजे ही हरळीच होती.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्ही पुन्हा एक-एक कांडं कांद्याच्या रोपासारखं लावत बसलो. शेजारच्या गल्लीतली एक जाडजूड म्हातारी कुंपणावरून बघत होती. काय लावताय म्हणून तिनं विचारलं. हरळी, असं सांगितल्यावर ती तशीच मागं फिरली. बंगल्यावरच्या नवरा-बायकोच्या डोक्यात फरक पडलाय ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झाली.

दुसऱ्या वर्षी पाऊस अर्ध्यावर गेला. चैतात गल्लीतले आड आटले. बायका नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या. बंगल्याच्या विहिरीला मात्र दोन पुरुष खोल पाणी होतं. ओव्हरसियर येऊन बजावून गेला की हे पाणी उतरणाऱ्या साहेबांना आणि हिरवळीला, तिसऱ्या कुणाला नाही. आणखी एक सांगून गेला. वैशाखात मोठे साहेब बंगला बघायला येणार होते. हिरवळ हिरवी दिसली तर माझ्या नवऱ्याचं नाव कायम व्हायला जाणार, पिवळी दिसली तर दुसरा माळी येणार. तो दुसरा माळी ओव्हरसियरच्या सासुरवाडीकडचा होता आणि तयार बसला होता.

कायम म्हणजे महिन्याचा पगार आणि बंगल्यामागची खोली. नाहीतर त्या सालात शेतावर काम नव्हतंच. दुष्काळी कामावर खडी फोडायला जावं लागलं असतं.

नवरा जिवाच्या आकांतानं पाणी शेंदून घालायला लागला. भर उन्हात घालायचा, ते निम्मं तिथंच उडून जायचं. ते मी बंद केलं. उजाडायच्या सुमाराला घालायला लावलं आणि विळा लपवून ठेवला. उन्हाळ्यात गवत आखूड कापलं की मुळं भाजतात. हरळीला मी लहानपणापासून ओळखते. ती मरत नाही, रुसते. आठ दिवस ओल मिळाली की पुन्हा बोलायला लागते. पण आठ दिवसांची ओल आणायची कुठून, विहीर रोज दोन बोटं खाली चालली होती.

त्यातच गल्लीतल्या बायका घागरी घेऊन दारात आल्या. नवऱ्यानं हुकूम सांगितला. ती जाड म्हातारी सगळ्यांत पुढं होती. ती म्हणाली, "माणसाला न्हाय आन् गवताला पाणी. बरंय बाई तुमच्या गवताचं."

रिकाम्या घागरी उचलून बायका नदीकडं वळल्या. मी बंगल्यामागं जाऊन आंघोळ केली आणि न्हाणीच्या दगडावर उभी राहून केस पिळताना खाली बघितलं. माझ्या आंघोळीचं पाणी जिथून वाहायचं तिथं हरळी हिरवीगार होती, गुडघ्याला लागेल एवढी. तिला कुणी घागरभर पाणी कधी घातलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बायकांना निरोप धाडला. घरी प्यायला दोन घागरी न्या. पण पोरांच्या आंघोळी, धुणं, म्हाताऱ्यांचे हातपाय धुणं, सगळं हिरवळीवर. नवरा घाबरला. म्हणाला, "माझी नोकरी घालवशील." मी म्हटलं, "आदी लागू तर द्या, मग घालवीन."

पहिल्या दिवशी रांगेत पुढं-मागं होण्यावरून दोघी-तिघी कुरकुरल्या, कुणाच्या घागरीमागं कुणाची घागर नको म्हणून. मी सांगितलं, ज्यांना हे पाणी चालत नाही त्यांना नदी मोकळी आहे. कुणी गेलं नाही.

चुका झाल्या. भांडी घासू दिली तर भाकरीच्या चुऱ्याला मुंग्या लागल्या आणि कावळे हिरवळ उकरायला लागले, म्हणून भांडी बंद. एकीनं सोड्यानं धुणं धुतलं, तिथं परातीएवढं गवत जळालं, म्हणून सोडा बंद. खानसामाचाचा नमाजाआधी दिवसातून पाच वेळा वजू करायचे, हातपाय-तोंड धुवायचे. त्यांना कडेची जागा दिली, ती सगळ्यांत आधी हिरवी झाली. मग ते रोज जाऊन तिच्याकडं बघत उभे राहायला लागले. मला म्हणायचे, सरकारी बंगल्यात हमाम खोलून बसलीस बेटी, पण स्वतःची तेवढी जागा त्यात धरत नसत.

खरी भानगड निराळीच झाली. जी बाई जिथं बसे तिथंच गोल हिरवा होई, मधलं सगळं पिवळं. वरून बघणाऱ्याला हिरवळीला नायटा झालाय असं वाटलं असतं. मग मी खुंटा बदलत शेळी चारावी तशी एकेकीची जागा बदलायला लागले. आज इथं, उद्या तिथं. बायका हलेनात. आपला गोल दुसरीला द्यायचा म्हणजे त्यांना नांगरलेलं रान दिल्यासारखं वाटायचं. जाड म्हातारी तर पाटच उचलेना. म्हणाली, हे मी नातवंडं धुऊन हिरवं केलंय. शेवटी तिला हलवायला मला तिच्या नातवंडांनाच उचलून दुसरीकडं न्यावं लागलं. पंधरा दिवसांत गोल एकमेकांना भिडले.

मोठे साहेब गुरुवारी येणार होते. बुधवारी सकाळी जीप दारात आली. हिरवळीवर दहा-बारा नागडी पोरं, तेवढ्याच बायका, आणि कडेला खानसामाचाचा पाय धूत बसलेले. मागून ओव्हरसियर धापा टाकत सायकलवर आला आणि हिरवळ बघून सायकल तिथंच टाकली. तो माझ्या नवऱ्यावर ओरडायला लागला. साहेबांनी त्याला हातानं थांबवलं आणि हे कुणाचं काम म्हणून विचारलं. नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. पळायला जागा नव्हती.

"माझं," मी म्हटलं.

"विहिरीचं पाणी हिरवळीसाठी आहे, माहीत नाही?"

"हिरवळीलाच जातंय, साहेब. वाटेत जरा पोरांच्या अंगावरून जातं, एवढंच."

घागरींचं मी बोलले नाही. त्यांनी विचारलं नव्हतं.

साहेब हिरवळीवरून चालत निघाले. चिखल बुटांत गेला. जाड म्हातारीनं नातवाच्या डोक्यावर तांब्या ओतता ओतता त्यांना सांगितलं, "बूट काढा, पाय धुऊन घ्या. तेवढंच गवताला."

साहेब हसले नाहीत. पायही धुतले नाहीत. कुंपणापलीकडचं करपलेलं रान बघितलं, पायाखालचं बघितलं, आणि व्हरांड्यात जाऊन चहा मागितला. चहा पिता पिता वहीत काहीतरी लिहिलं आणि तुळजापूरच्या रस्त्याला लागले. पुढचा महिनाभर नवरा माझ्यावर धुसफुसत पाणी शेंदत राहिला.

मग कागद आला. ओव्हरसियरनं तो व्हरांड्यात उभं राहून वाचला. माळ्याला कायम करावं, हे त्यानं पटकन वाचलं. बाहेरच्या लोकांचा वावर बंद होण्यासाठी हिरवळीला आणि विहिरीला काटेरी तारेचं कुंपण घालावं, हे मात्र दोनदा वाचलं.

कायम झालेल्या माणसाचं पहिलं काम ते. नवऱ्यानं खड्डे घेतले, खांब उभे केले, तीन बाजूंनी तार ओढली. गल्लीच्या बाजूला आला तेव्हा मला हाक मारली. म्हणाला, कमरेवर घागर घेऊन हितं उभी ऱ्हा. मी उभी राहिले. त्यानं माझ्या अलीकडं एक खूण केली, घागरीच्या पलीकडं दुसरी. मग गल्लीकडं बघून थोडा विचार केला आणि दुसरी खूण आणखी चार बोटं लांब सरकवली. जाड म्हातारीलाही त्याच फटीतून यायचं होतं.