आईचा नादारीचा अर्ज

बांध फुटला तेव्हा वडील खाडीत गेले, ते हाती लागलेच नाहीत. मिठागरातला त्यांचा हिस्सा काकांनी कब्जात घेतला आणि आई, धाकटी बहीण आणि मी, आम्ही तिघं पेजेवर आलो. हिस्सा मागायचा तर पनवेलच्या कोर्टात दावा लावायला हवा, आणि दाव्याला स्टॅम्प हवा. तेवढे पैसे असते तर दावा कशाला लावला असता!

ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याला स्टॅम्पाशिवाय दावा लावता येई. त्यासाठी नादारीचा अर्ज करायचा आणि घरातली झाडून सगळी चीजवस्तू त्यात लिहायची. मी मॅट्रिकला होतो, म्हणून लिहिणारा मीच.

"गरिबी बी लिवून द्यावी लागते?" शेजारीण हसली. "मंग लुगड्याची भोकं पन लिव रं!"

आई सांगत गेली, मी लिहीत गेलो. देव्हाऱ्यातला वडिलांचा टाक तिने सांगितला नाही, मलाही सुचला नाही. टाक म्हणजे गेलेल्या माणसाची चांदीच्या पत्र्यावर उठवलेली मूर्ती. आमच्यात ती वस्तू नसते, माणूस असतो. आई त्याला पहिला घास दाखवी, दिवसभराचं सांगे, मध्येच थांबे आणि "बरं" म्हणून कामाला लागे.

कोर्टाचा बेलीफ भरदुपारी पाहणीला आला. वारा पडलेला, बाहेर मिठाचे ढीग डोळ्यांत खुपत होते.

"किती माणसं घरात?"

"चौघं," आई म्हणाली.

"मला तिघंच दिसतात."

"ते बसलेत की तितं."

बेलीफाने टाक उचलला आणि लगेच खाली ठेवला. त्याचा तळवा ओला झाला होता. नकळत त्याने बोट जिभेला लावलं. खारट. मिठागराजवळच्या घरात सगळंच ओलसर राहतं, हे मी जाणतो. पण टाकाशेजारची घंटी कोरडी होती.

तारखेला काकांच्या वकिलाने नेमकं हेच धरलं, की टाक अर्जात लिहिलेला नाही. चांदी बोटभर, पण ती लपवली असं ठरलं, तर अर्ज फेटाळला जाणार आणि दावा तिथेच संपणार. आईला वकील नव्हता. ती स्वतःच उभी राहिली.

"घरात चांदी आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाय, सायेब."

बेलीफाने घरून आणवलेला टाक टेबलावरच्या कागदावर ठेवला.

"मग हे काय?"

"ते आमचं मालक हायत. त्यांना इकायचं कसं?"

हशा पिकला. वकिलाने काकांना पुढे बोलावलं. "उचला, आणि सांगा साहेबांना, किती वजन भरेल."

काकांनी हात पुढे केला. टाकाखालचा कागद हळूहळू भिजत चालला होता. हशा थांबला. काकांचा हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या.

"वैनी, यांना हितं कशाला आनलंस?"

"तुमीच बोलावलंत, भावजी."

"ही चांदी आहे की नाही?" न्यायाधीशांचा आवाज चढला.

काका टाकाकडे बघत राहिले. कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी त्यांनी मान हलवली.

"नाय, सायेब. माजा भाऊस हाय."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि अर्ज मंजूर केला. स्टॅम्पाशिवाय दावा दाखल झाला, चालला, आणि वडिलांच्या हिश्श्याचं मिठागर आईच्या ताब्यात आलं. त्याच मिठावर मी बी.ए. झालो, आमच्या गावातला पहिला.