वांदर आले की येणारा तो

माझे बाबा इतकं हळू बोलतात, की जेवताना त्यांना मीठ हवं असलं तर ते आम्हाला नजरेवरून ओळखावं लागतं. ते प्राथमिक शाळेतले निवृत्त गुरुजी. शर्टाची गळ्याजवळची गुंडी मे महिन्याच्या उकाड्यातही लावलेली, खिशाला पेन, आणि अक्षर असं की पावस गावाच्या आसपासच्या चार वाड्यांत कुणाला अर्ज करायचा असला की तो आमच्या ओटीवर येतो. शाळेत त्यांनी पट्टी हातात धरली ती फक्त रेघा मारायला.

हे झाले सकाळी साडेनऊपर्यंतचे बाबा. साडेनऊच्या सुमाराला आमच्या आंब्याच्या कलमांवर वांदरांची टोळी उतरते. कैरीला एक चावा घ्यायचा, टाकायची, दुसरी तोडायची. झाडाचं पान हललं रे हललं की बाबा चष्मा काढून खिडकीत ठेवतात, लेंगा गुडघ्यापर्यंत खोचतात, दुधाचा पोचा आलेला टोप डोक्यावर पालथा घालतात आणि दांडक्याने रिकामा डबा बडवत बागेत घुसतात. मग जो आवाज निघतो तो आमच्या बाबांचा नसतो. घरात पुस्तकातलं मराठी बोलणारा माणूस वांदरांशी मात्र गावचं बोलतो. "या रे या मेल्यांनो, पानं मांडलीत, जेवून जावा. तुमच्या बापाशीन लावलान काय कलम?" मग ते चार पायांवर चालून दाखवतात, कुल्ल्यांवर थापट्या मारतात, हुप्प्याच्या तोंडावर त्याचीच वाकुली काढतात. वांदर क्षणभर फांदीवर बसून बघत राहतात आणि मग पळतात. बाबा परत येतात, टोप धुऊन जागेवर ठेवतात, गुंडी लावतात. या विषयावर घरात बोलायचं नसतं.

मी रत्नागिरीत फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुकांचे चेहरे बसवणं, पुढाऱ्यांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसणं, नवरदेवांना तीन छटा उजळ करणं, हे माझं काम. दिवसभर माणसांना खोटं देखणं करून करून मला खऱ्या वेड्याविद्र्या माणसाची भूक लागली, आणि एका दुपारी मी बाबांना काढलं. पहिल्या चौकटीत छत्री घेऊन बसलेला सभ्य गृहस्थ. दुसरीत एक पान हलतं. तिसरीत 'तो': डोक्यावर टोप, डोळे बाहेर, एक पाय हवेत, उगारलेलं दांडकं. गावातल्या साप्ताहिकाच्या संपादकांना चित्रं आवडली, आणि दर आठवड्याला तो छापून यायला लागला. कधी तो वांदरांची हजेरी घ्यायचा, कधी त्यांना पाढे म्हणायला लावायचा. खाली माझं नाव नसायचं. तरी महिन्याभरात तो आमच्या तालुक्यातल्या सगळ्या मोबाइलवर फिरत होता आणि सगळ्या गावाला ठाऊक होतं की तो कोण.

ठाऊक नव्हतं ते फक्त बाबांना. ते मुंबईचा पेपर वाचतात आणि त्यांचा फोन बटणांचा आहे.

आई चित्रं बघून पदराने डोळे पुसेपर्यंत हसायची आणि लगेच गंभीर व्हायची. "त्यांना कळलं ना, तर तुझं तोंड बघायचे नाहीत." ती उगाच घाबरवत नव्हती. लांज्याला माझे मोठे काका राहतात, बाबांचे सख्खे थोरले भाऊ. चुलतबहिणीच्या लग्नात त्यांनी नवऱ्याकडच्या मंडळींसमोर बाबांची वांदर हाकलण्याची नक्कल केली. सगळा मांडव हसला. बाबा ताटावरून उठले, चपला घातल्या आणि एसटीने घरी आले. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत बाबा काकांशी एक शब्द बोललेले नाहीत. काकांनी नक्कल एकदाच केली होती. मी ती दर आठवड्याला करत होते आणि छापतही होते. दर आठवड्याला ठरवायचे की आता बस्स, आणि दर आठवड्याला तो माझ्या हातातून उतरायचाच.

यंदा वांदरांनी कहर केला. गावाने ठरवलं की त्यांना पकडणारं पथक आपल्याकडे पाठवा अशी मागणी करायची. शाळेच्या सभागृहात सभा भरली, रत्नागिरीहून वनखात्याचे साहेब आले, आणि अर्ज लिहिला बाबांनीच, म्हणून वाचायलाही त्यांनाच उभं केलं. मी आईबरोबर तिसऱ्या रांगेत होते. बाबा वाचत होते आणि पंखा त्यांच्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. "गुरुजी, जरा मोठ्यानं," असं तीनदा झालं. साहेबांनी मोबाइल काढला. अर्ज संपल्यावर ते सौजन्याने म्हणाले, "माकडं काय, सगळीकडेच आहेत हो. तुमच्याकडे वेगळा असा काय त्रास आहे?"

बाबा म्हणाले, "आहे." बस्स, एवढंच.

तेव्हा आमचे शेजारी उठले. मनाने चांगले, पण पोटात काही राहत नाही. "साहेब, गुरुजींना बोलता यायचा नाय. पण ह्यात सगळा आलाय, ह्या बघा," असं म्हणून त्यांनी साप्ताहिकाचा अंक पुढे दिला. अंक हातोहात पुढे गेला आणि साहेबांच्या आधी बाबांच्या हातात पडला.

नाकारायला जागाच नव्हती. ती गुंडी, ते पेन, टोपावरचा पोचासुद्धा मी जिथल्या तिथे काढला होता. बाबांनी चित्र पाहिलं. मुलाची वही तपासतात तसं वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मान वर करून त्यांनी तिसऱ्या रांगेकडे बघितलं. आईने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. मला मांडवातून बाहेर पडणाऱ्या त्या चपला दिसत होत्या. दाराकडे जाण्याची वाट आमच्याच रांगेजवळून होती.

बाबांनी अंक घडी करून खिशात ठेवला. चष्मा काढला आणि "जरा धरता का?" म्हणून साहेबांच्या हातात दिला. मग त्यांनी गळ्याची गुंडी काढली.

आणि तो आला. चहाचा स्टीलचा ट्रे रिकामा करून त्याने डोक्यावर घातला, खिडकीतली रूळपट्टी उचलली आणि पत्र्याच्या कपाटावर असा दणका दिला की साहेब खुर्चीसकट मागे सरकले. आधी तो वांदर झाला. साहेबांच्या पुढ्यातलं बिस्कीट उचललं, एक चावा घेतला, फेकलं. दुसरं उचललं, चावा, फेकलं. असं आख्खं ताट. मग तो स्वतः झाला आणि त्या वांदराच्या मागे सभागृहभर धावला. बाकावरून उडी मारली, सरपंचांना झाड समजून त्यांच्या खांद्यावर चढणाऱ्या त्या वांदराला खाली खेचलं, आणि पंखा, गाव, समोरचा रस्ता सगळ्यांना पुरून उरेल अशा आवाजात ओरडला, "तुमच्या बापाशीन लावलान काय कलम? माझ्या बापाशीन लावलान. त्येनं घागरीन पाणी घातलान!"

लोक उभे राहिले होते. टाळ्या थांबेनात. साहेब हसून हसून रडत होते आणि बाबांचाच चष्मा हातात धरून डोळे पुसत होते. शेवटी ते म्हणाले, "गुरुजी, कळलं. पहिलं तुमच्याच गावात." आणि खरंच पुढच्या आठवड्यात पिंजरे घेऊन पथक आलं.

त्या दिवशी घरी जाताना बाबा माझ्याबरोबर चालत होते. मी म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"चुकलंच आहे," ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले. अंक काढला, बोट ठेवलं. "दांडकं उजव्या हातात दिलंस."

मी वाकून त्यांच्या बोटाखाली बघितलं.

"उजव्या हाताने मी लिहितो. पहिलीत मारून मारून शिकवलं मला, बोटांच्या पेरांवर पट्टी उभी मारायचे. ह्याला कुणी काही शिकवलेलं नाही." बाबांनी चित्रातल्या त्याच्याकडे बघितलं. "हा डावरा आहे."

तीस वर्षं मी त्यांना बागेत धावताना बघितलं, त्यावर मनातल्या मनात चित्रकार म्हणून मिरवले आणि एवढं मला दिसलं नव्हतं. मला रडू आलं. बाबा म्हणाले, "रडतेस काय, दुरुस्त कर." पुढच्या अंकात दांडकं डाव्या हातात आलं.

तो अंक बाबांनी स्वतः विकत आणला. चित्र कापलं, पाकिटात घातलं आणि पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकिटावर लांज्याचा पत्ता होता. अक्षरं वेडीवाकडी, एक मोठं, एक लहान, ओळ खाली घसरलेली. मी ते तसंच पोस्टात टाकलं.

चार दिवसांनी काकांचा फोन आला तो माझ्या मोबाइलवर. ते म्हणाले, "पत्ता त्यानंच लिहिलान ना? माझ्या पुढ्यात मार खाल्लान त्यानं ह्या डाव्या हाताच्या अक्षरापायी. मी बाकावर बसून बघत होतो." आणि म्हणाले, "दे त्याला."

बाबा ओटीवर कुणाचा तरी अर्ज लिहीत होते. मी फोन पुढे केला. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फोन घेतला.