आमची कोरी बोटं

फार जुना एक आवाज माझ्या कानात आहे. बांगडी पत्र्यावर आपटल्याचा.

माझं शाळेत नावही घातलं नव्हतं. आई मला कडेवर घेऊन मत द्यायला गेली होती. टेबलावर पत्र्याची पेटी, तिला वरून बारीक फट. आईनं कागद आत सोडला आणि तिचा हात पेटीच्या काठाला लागला. किण्ण! एवढाच आवाज. परत येताना रस्त्यात मला म्हणाली, "पाटलाचा कागद बी आपल्याएवढाच व्हता रं. मी बघितला नीट."

पुढं चौथीवरून शाळा सुटली आणि बऱ्याच वर्षांनी तहसील कचेरीत शिपाई म्हणून लागलो. निवडणूक आली की माझ्याकडं एकच काम असायचं. मतदाराच्या बोटाला शाई लावायची.

निवडणूक झाली की साहेब लोक अहवाल लिहितात. आमच्यासारख्याला लिहायचं काही नसतं, म्हणून आमच्याकडं किस्से साचतात. शाई वाळेपर्यंत माणूस समोर उभा राहतो, तेवढ्यात काहीतरी बोलून जातो, आणि लगेच पुढचं बोट येतं. अशी किती बोटं धरली असतील मी!

आता लातूरला मुलीकडं असतो. डाळमिलच्या शेजारच्या हॉटेलात सकाळी आम्हा चार म्हाताऱ्यांचा चहा असतो. त्यांचे हे सगळे किस्से ऐकून झालेत. आमच्या तालुक्याचं नाव तेवढं विचारू नका. माणसं अजून आहेत.

* * *

आमच्या कचेरीच्या जीपवर लतीफभाई ड्रायव्हर होते. माझ्यापेक्षा थोडे मोठे. मतदानाच्या आदल्या दिवशी आमची पार्टी, म्हणजे केंद्रावरची माणसं, खोकी, मशिनी असं सगळं गावाला पोचवायचं आणि दुसऱ्या दिवशी मतदान संपेपर्यंत गाडीजवळ बसून राहायचं. त्यांचं स्वतःचं केंद्र राहिलं गावात, आणि ते कुठंतरी तीस कोसांवर लिंबाखाली! तीस वर्षांत लतीफभाईंनी एकदाही मत दिलं नव्हतं.

माझंही तेच. ड्यूटीवाल्याला मत देता येतं, त्याचा वेगळा फॉर्म असतो. पण तो भरायची तारीख आम्हाला नेहमी तारीख गेल्यावर कळायची!

माझी पाचही बोटं शाईनं काळी असायची. लोकांना वाटायचं, हा सगळ्यात आधी मत देऊन बसलाय. पण ती शाई सांडलेली असायची. लावलेली नव्हे.

लतीफभाईंच्या बायकोचं नाव जैतुनबी. आम्ही भाभी म्हणायचो. त्या दर वेळी मत देऊन यायच्या आणि लतीफभाई घरी पोचले की शाईचं बोट त्यांच्या नाकापुढं धरायच्या.

"गाडी सरकार की तुम चलाते. सरकार तो मैं चुनती!"

लतीफभाई हसायचे. मग जीपमध्ये माझ्याजवळ हळूच म्हणायचे, "किसन, रिटायर हुआ ना, पहला काम वोट. अन् शाई तेरे हात की."

मी म्हणायचो, "लावतो की भाई."

* * *

एका केंद्रावर पन्नाशीचा एक शेतकरी आला. डावा हात पुढं केला तर पहिलं बोट नाही. कडबा कापायच्या मशीनमध्ये गेलेलं. केंद्राध्यक्ष म्हणजे त्या खोलीचे मुख्य साहेब. ते त्या वेळी अगदी नवे होते. त्यांनी पुस्तक काढलं, पानं उलटू लागले. मागं लाइन थांबली.

तो माणूस म्हणाला, "साहेब, बोट गेलंय. मत न्हाई गेलं!"

सगळी खोली हसली. साहेबही हसले. शेजारच्या बोटाला लावा, असं पुस्तकात सापडलं. मी त्याचा हात धरला आणि शाई लावली. शाई वाळेपर्यंत तसाच धरून ठेवला.

जाताना तो मला हळू आवाजात म्हणाला, "बोट गेल्यावर अपंगाच्या दाखल्यासाठी लई फिरलो भाऊ. खिडकीतूनच बोलायचे सगळे. सरकारनं माझा हात हातात घेतला तो आज."

मी काय सरकार! पण त्या दिवसापासून मी प्रत्येकाचा हात नीट धरायला लागलो. तोवर नुसतं बोट धरायचो.

* * *

देगलूरच्या पुढं, तेलंगणाच्या कडेला एका गावात ड्यूटी होती. तिथं घरात तेलुगू आणि बाजारात मराठी. गंगव्वा नावाची एक म्हातारी आली, शाई लावून घेताना बोलतच होती.

"माझी अक्का तिकडं दिलेली. ओढा ओलांडला की तिचं गाव. तिला निराधाराचा पगार माझ्यापेक्षा जास्त. अन् येळेवर! तिचं सरकार मायाळू हाय. माझं सावत्र."

साहेबांना गंमत वाटली. म्हणाले, "मग तिकडंच जाऊन राहा की आजी."

गंगव्वानं त्यांच्याकडं बघितलं. "अय्यो, का म्हणून? घर इथं, शेत इथं, मालकाची माती इथं. मी काय पगारासाठी देश बदलू? मी त्याला सांगायला आले."

"कुणाला?"

"सरकाराला. बटण दाबताना सांगत असते मी, नीट वाग म्हणून."

मग आत गेली. पुठ्ठ्यामागून तिचं पुटपुटणं खरंच ऐकू येत होतं! साहेबांनी "आजी, आत बोलायचं नाही" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

* * *

एकदा आमच्या पार्टीत लांबच्या गावाहून एक मास्तर आले होते. जीपमध्ये पुढं लतीफभाईंच्या शेजारी बसले. चांगला माणूस, पण फार चौकश्या.

"भाई, तुम्ही राहता कुठं?"

"जिल्हा परिषदेच्या शाळेमागं."

"नाही, तसं नव्हे. मूळचे कुठले?"

"मूळचे पण शाळेमागचेच."

"म्हणजे त्याच्याही आधी, पूर्वी?"

लतीफभाईंनी गिअर बदलला. "पूर्वी पण तिथंच होतो सर. तेव्हा शाळा नव्हती!"

मागं बसलेले आम्ही सगळे हसलो. मास्तरही हसले. केंद्रावर उतरल्यावर त्यांनी स्वतः जाऊन लतीफभाईंसाठी चहा आणला. दोन्ही हातांनी दिला.

लतीफभाई मात्र हसले नव्हते. मी समोरच्या आरशात बघत होतो.

* * *

मशीनशेजारी चिठ्ठी दाखवणारी पेटी आली, त्या वेळची गोष्ट. लतीफभाईंची ती शेवटची ड्यूटी. बिलोलीकडचं एक गाव होतं. एका म्हातारीनं बटण दाबलं, काचेत चिठ्ठी दिसली आणि आत पडली. म्हातारी तिथून हलेना.

"माझी चिठ्ठी आत पडली. काढून द्या."

साहेब म्हणाले, "ती आतच राहते आजी."

"मग मला काय पुरावा?"

"डोळ्यांनी बघितलीत ना?"

म्हातारी चिडली. "रेशनला अंगठा घेता. बँकेत दरसाली जाऊन दाखवावं लागतं की मी अजून जिती हाय. तुम्ही मला इतके पुरावे मागून राहिलात, मी एक मागितला तर न्हाई!"

मी जागेवरूनच म्हणालो, "माय, बोट बघ. तोच पुरावा."

तिनं बोट डोळ्यांजवळ नेलं, उलटसुलट बघितलं. "धुतलं तर जाईल का?"

"महिनाभर जात नाही."

"मग हाव." मान डोलावली आणि गेली.

परतीच्या वाटेवर मी हा किस्सा लतीफभाईंना सांगितला. त्यांनी गाडीचा वेग जरा कमी केला. मग म्हणाले, "किसन, रेशनकार्ड है, लायसन है, सर्विसबुक है. पर ये उंगलीवाला पुरावा नहीं अपने पास. इत्ता तो मेरे पास भी होना रे."

* * *

लतीफभाई रिटायर झाले. घरी बसल्यावर भाभी त्यांना रोज चिडवायच्या. "इस बार मैं लेके जाऊँगी हाथ धरके. तुमको लाइन में खड़ा रहना कहाँ आता? तुम तो गाड़ी में बैठनेवाले!"

त्यांचं असं चालू असताना भाभींना ताप आला. नांदेडला नेलं. आठ दिवसांत त्या गेल्या.

मी मातीला गेलो होतो. लतीफभाई माझ्याशी एकच वाक्य बोलले. "अब कौन लेके जाएगा?"

मी म्हणालो, "मी आहे ना भाई."

पुढची निवडणूक माझ्या नोकरीतली शेवटची. आणि नशीब बघा, ड्यूटी लागली ती त्याच जिल्हा परिषद शाळेत! लतीफभाईंच्या घरापुढं. मी आदल्या दिवशीच निरोप पाठवला, "सकाळी पहिला नंबर लावा. नवी बाटली फोडतो."

सकाळी दार उघडलं तर लाइनीत ते पहिले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, दाढीला मेंदी. एका हातात मतदार कार्ड, दुसऱ्या हातात घरी आलेली मतदानाची चिठ्ठी. आत येताच माझ्याकडं बघून त्यांनी बोट आधीच पुढं काढलं. मी म्हणालो, "थांबा भाई, आधी यादीत नाव." बाटलीत काडी बुडवून मी तयार बसलो.

यादीवाल्या मॅडमनी चिठ्ठी बघितली. "ही जैतुनबींची आहे चाचा."

"हाव. घरात ती एकच आली. माझी काही आली न्हाई. कार्ड हाय माझं."

मॅडमनी यादीत बोट फिरवलं आणि थांबल्या. केंद्राध्यक्ष साहेबांना बोलावलं. दोघांनी पान बघितलं. लतीफभाईंच्या नावावर आडवा शिक्का होता, 'वगळले'. खालच्या चौकोनात जैतुनभाभी. फोटोसकट, बिनडाग.

भाभी गेल्या तेव्हा लतीफभाईंनीच दाखला नेऊन दिला होता, नाव कमी करा म्हणून. कुणाच्या तरी हातून एका चौकोनाची चूक झाली होती. मेलेलं माणूस यादीत राहिलं आणि जितं माणूस गेलं.

साहेब भला माणूस. उठून स्वतःची खुर्ची दिली. म्हणाले, "चाचा, यादी माझ्या हातात नाही. आज मी काहीच करू शकत नाही. चूक आमची आहे." 'आमची' म्हणाले. तसं म्हणणारा साहेब मी फार कमी वेळा बघितला.

माझ्या हातात काडी तशीच होती. तिच्यातला एक थेंब टेबलावर पडला. लतीफभाईंचं बोट अजून पुढंच होतं. वाटलं, लावून टाकावी. कोण बघतंय! लावली नाही. मत दिल्याशिवाय शाई लावायची नसते, आणि हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. त्यांनी बोट हळूच मिटून घेतलं.

बाहेर यादी सांभाळणाऱ्या बाई बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना आत बोलावून दोन फॉर्म मागवले. "हा तुमचं नाव परत घालायचा. आणि हा त्यांचं नाव काढायचा. दोन्ही आत्ताच भरून द्या, पुढच्या वेळी सगळं नीट होईल."

बाईंनी पहिला फॉर्म भरून घेतला. लतीफभाईंनी खाली सही केली. सर्विसबुकात करायचे तशी, सावकाश.

मग त्यांनी दुसरा फॉर्म हातात घेतला. "हा भरला की?"

बाई म्हणाल्या, "त्यांचं नाव निघेल यादीतून."

"फोटो पण?"

"फोटो पण."

ते मॅडमकडं वळले. "जरा बघू का पान?" मॅडमनी साहेबांकडं बघितलं. साहेबांनी मान हलवली. मॅडमनी यादी त्यांच्याकडं फिरवली. त्या फोटोत भाभी डोक्यावर पदर घेऊन सरळ समोर बघत होत्या. लतीफभाई बघत राहिले. मागं लाइन थांबली होती.

मग त्यांनी तो कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला. पंख्याच्या वाऱ्यानं तो उडायला लागला, तेव्हा त्यांनी माझी शाईची बाटली उचलून त्यावर ठेवली. भाभींची चिठ्ठी घडी करून शर्टाच्या खिशात घातली.

आणि लाइनीच्या कडेकडेनं बाहेर निघून गेले.