सुई टोचल्यानंतरचे चार आठवडे

एचआयव्हीच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सना शिकवणं आणि त्यांच्या अडचणीत पाठीशी राहणं हे माझं काम. शिकवताना मी एक आकडा फळ्यावर मोठा लिहिते. अशा रुग्णाची सुई हजार जणांना टोचली, तर लागण साधारण तिघांना होते. वेळेत गोळ्या सुरू केल्या तर धोका आणखी कितीतरी कमी होतो. आकडा कळला की माणूस शांत होतो, असा माझा अनुभव.

ती शांत झाली नाही. ती पेठ वडगावहून एसटीने येणारी आमची नर्स, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. रुग्णाचं रक्त काढल्यावर सुईला टोपण घालायला गेली आणि सुई बोटात घुसली. टोपण घालू नका, हे मीच शिकवलेलं. पण तेव्हा तो विषय काढला नाही. बोट साबणाने धुतलं, डॉक्टरांना दाखवलं, तासाभरात पहिली गोळी दिली.

"हजारात तीन गं," मी म्हटलं.

"मॅडम, ती तिघं बी कुणाच्या तरी घरचीच की."

चार आठवडे रोज गोळी, एकही चुकवायची नाही, एवढंच बजावलं. नवऱ्याला तिने त्याच दिवशी सांगितलं. सासूला कळू द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं.

दुसऱ्या आठवड्यात ती माझ्यासमोर येऊन बसली. "गोळ्या बंद करणार हाय."

गोळ्यांनी तिला मळमळायचं. मोरीत उलटी करताना सासूने, म्हणजे तिच्या आत्यांनी, पाहिलं आणि आपला अर्थ लावला. चिंच आणली, शेजारणीला सांगितलं.

"काल माझ्या आईला फोन केला आत्यांनी. पेढं कधी वाटायचं म्हणत्यात! गोळ्या थांबवल्या की उलट्या थांबतील. त्यांना वाटंल, आपलंच चुकलं. मिटलं."

"मिटत नाही. गोळ्या पुऱ्या व्हायलाच हव्यात. आज मी तुझ्याबरोबर घरी येते."

"आन् त्यांनी बाहेर काढलं तर?"

"तर कळंब्याला आमच्याकडे राहशील. एक खोली रिकामी आहे. पण गोळी घेशील."

हे घरी न विचारताच बोलले होते. एसटीत बसल्यावर माझ्या नवऱ्याला फोन करून सांगितलं. ते "बरं" म्हणाले.

घरी पोहोचल्यावर तिच्या सासूबाईंनी "या पावणं" म्हणत चहा ठेवला. आधी तिनेच बोलायचं, असं आमचं ठरलं होतं. ती उभ्यानेच बोलली.

"आत्या, दिवस गेलं न्हाईत. दवाखान्यात एड्सच्या पेशंटची सुई टोचली मला. गोळ्या चालू हायत, त्यानं मळमळतंय."

सासूबाईंनी गॅस बंद केला. "आन् माझं पोरगं?"

"त्यास्नी पहिल्याच दिवशी सांगितलंय. काळजी घेतोय आमी."

"म्हंजे त्याला ठावं हाय. मी येडी तेवढी चिंचा आणत फिरतोय!" मग माझ्याकडे वळून, "तुमी शिकिवता न्हवं? मग हिला टोचली कशी?"

"शिकवूनही टोचते कधी कधी," मी म्हणाले.

"सोड की मग असली नोकरी."

"गोळ्या सोडणार न्हाई, नोकरी बी न्हाई," सून म्हणाली.

मी माझा आकडा सांगायला तोंड उघडलं. सासूबाईंनी हातानेच मला गप्प केलं.

"गोळी कवा घेतीस?"

"सांजंला. आल्या आल्या, मोरीत."

"उपाशीपोटी?"

सुनेने मान डोलावली.

"मग उलटी हुईल न्हाईतर काय!"

त्यांनी परात ओढली आणि पीठ मळायला घेतलं. भाकरी भाजून होईपर्यंत आम्हा दोघींकडे पाहिलं नाही. मग भाकरी, पिठलं ताटात घालून ते सुनेपुढे सरकवलं.

"खा. आन् मग हितं माझ्यासमोर गीळ ती गोळी."