साइमी आत्यानं बँड जमवला

आमच्या मिनेसोटातल्या खाणगावात फिनलंडहून आलेल्या लोकांचा एकच हॉल होता. समाजवादी पक्षाचा. सभा, नाच, नाटकं, लग्नं सगळं तिथंच. माझी साइमी आत्या तिथल्या नाटकांची नायिका. दिवसा ती खाणकामगारांची खानावळ चालवायची आणि संध्याकाळी रंगमंचावर राणी व्हायची.

एकोणीसशे चौदा साली पक्ष फुटला. आत्याचे यजमान वाल्फ्रीद म्हणत, मतपेटीतूनच राज्य येईल. माझे बाबा एतू, म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ, म्हणत, संपाशिवाय मालक हलणार नाही. मतदान झालं, बाबांची बाजू हरली. हरलेल्यांनी रस्त्याच्या पलीकडे दुसरा हॉल बांधला. बँडचीही वाटणी झाली. ढोल आणि झांजा जुन्या हॉलकडे राहिल्या, कर्णेवाले सगळे नव्याकडे गेले. त्या दिवसापासून बाबा आणि वाल्फ्रीदमामा एकमेकांशी बोलेनासे झाले. आत्या घरी आली की बाबा लाकडं फोडायला मागं जायचे. उन्हाळ्यातसुद्धा!

दोन वर्षांनी खाणीत दरड कोसळली आणि वाल्फ्रीदमामा गेले.

आम्हा समाजवाद्यांत पाद्री बोलवत नसत. माणसाला बँड लावून, लाल झेंड्याखाली पोचवायचं, अशी रीत. आत्या काळा रुमाल बांधून सरळ नव्या हॉलमध्ये शिरली. सभा चालू होती. मी आईच्या शेजारी बसले होते.

"मी पक्ष बदलायला आलेली नाही," ती म्हणाली. "उद्या माझ्या माणसाला पोचवायचंय. नुसता ढोल बडवत नेऊ का त्याला?"

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बाई, दुःख आम्हालाही आहे. पण त्या हॉलच्या कार्यक्रमाला जायचं तर ठराव करावा लागेल."

"करा की! मेलेला माणूस काही मत द्यायला येत नाही, त्याची भीती नको."

आत्या बाबांकडे वळली. "एतू, तुला पोहायला कुणी शिकवलं रे? त्यानंच ना?"

बाबा उठले. भिंतीवरचा आपला कर्णा काढला आणि म्हणाले, "ठराव तुम्ही सावकाश करा. चल, ताई."

दुसऱ्या दिवशी दोन्हीकडचे वाजवणारे एकत्र चालले. दोन वर्षांत एकत्र सराव नव्हता, त्यामुळे ढोल पुढं आणि कर्णे मागं पडत होते. आत्या पुटपुटली, "आताही भांडताहेत मेले," आणि रडता रडता हसली.

हॉल मात्र एक झाले नाहीत. उलट पुढं जुना हॉल पुन्हा फुटला, रशियातल्या क्रांतीवरून. आणि ठरावाशिवाय सगळ्यांत आधी उठले म्हणून नव्या हॉलनं बाबांना सहा महिने बँडमधून काढलं. ते खानावळीत आत्याच्या हातची कॉफी पीत बसायचे आणि तिच्याशी कडाकडा वाद घालायचे.

वीस साली बायकांना मत मिळालं. समाजवाद्यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार तेव्हा तुरुंगात होता. आत्या नटूनथटून मत देऊन आली. बाबांनी चिडवलं, "ताई, तुरुंगातल्या माणसाला निवडून काय करणार?"

"बाहेर असलेल्यांनी काय दिवे लावलेत?" म्हणत आत्यानं त्यांच्यापुढं वेलदोड्याचा पाव सरकवला.